आलोच हं!

परगावी गेल्यावर लोक तिथलं देऊळ पाहतात, मिसळ कुठली चांगली याची चौकशी करतात. मी आधी मुतारी कुठे आहे ते बघून ठेवतो. या विषयातला माझा व्यासंग दांडगा आहे. पुणे-सातारा रस्त्यावर खेड-शिवापूरच्या टोलनाक्यापासून आनेवाडीच्या टोलनाक्यापर्यंत कुठल्या हॉटेलाचं स्वच्छतागृह दर्शनी भागात आहे, कुठल्याचं भटारखान्याला वळसा घालून मागे आहे आणि कुठे ‘फक्त ग्राहकांसाठी’ ही पाटी नुसती शोभेला आहे, हे मी झोपेतसुद्धा सांगेन. अर्थात झोप लागली तर.

मी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झालो. उभी हयात काउंटरच्या आत बसून लोकांना ‘जरा थांबा’ म्हणालो. त्याचा सूड माझ्याच प्रोस्टेटने उगवला. आता मी उभा असतो आणि आतून कोणीतरी मला ‘जरा थांबा’ म्हणतं.

सार्वजनिक ठिकाणी हे फार लाजिरवाणं होतं. मी उभा राहतो. शेजारी एक जण येतो, मोकळा होतो, जातो. त्याच्या जागी दुसरा येतो, तोही जातो. तिसरा फोनवर बोलत येतो आणि बोलणं न तोडता निघूनही जातो. एकदा तर एका कॉलेजच्या पोराने “काका, बरं वाटतंय ना?” असं विचारलं. लहानपणी कुंपणापलीकडच्या एरंडावर नेम धरणारे आम्ही! आता चपला कोरड्या राहिल्या तरी दिवस सत्कारणी लागला म्हणायचं. त्यातून सुरू झालं तरी मध्येच थांबतं, पुन्हा सुरू होतं. संपलं म्हणून विजार सावरावी तर शिल्लक बाकी निघते. कॅशियरला न शोभणारा हा हिशोब.

पण मी कोणाला कळू दिलं नाही. (असं मला वाटायचं.) कुठूनही उठून जाताना ‘आलोच हं’ म्हणायचं आणि हातात मोबाईल धरायचा, म्हणजे लोकांना फोन आलाय असं वाटतं. नाटकाला कायम कडेची खुर्ची. एसटीत दाराजवळची. लग्नात पहिल्या पंगतीला बसायचं, म्हणजे मठ्ठा वाढायला येईपर्यंत आपण मोकळे. सवाई गंधर्व महोत्सवात मात्र पंचाईत झाली. डिसेंबरची थंडी, उघडं मैदान आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने माझं ‘आलोच हं’. गवयाने विलंबित नुकतं कुठे मांडावं आणि मी उठावं. शेजारचे गृहस्थ दोन दिवस माझ्याकडे आदराने बघत होते. शेवटी ते माझ्यामागोमाग बाहेर आले आणि खासगी आवाजात म्हणाले, “तुम्हालाही नाही ना पटला निषाद?” मी गंभीरपणे मान हलवली. त्या वर्तुळात माझी जाणकार अशी जी काही ख्याती आहे, ती एवढ्यावरच उभी आहे.

घरात मात्र आब राखणं अवघड होतं. रात्री चार-चार वेळा उठायचं म्हणजे पॅसेजमधला दिवा लागणार, कडी वाजणार, फ्लश गर्जणार. मी फ्लश न ओढण्याचा प्रयोग केला. त्यावर सौभाग्यवतींनी जे भाषण केलं ते छापण्याजोगं नाही. खालच्या मजल्यावरचे शेजारी एकदा जिन्यात म्हणाले, “काल तीननंतर शांतता होती. गावाला गेला होतात का?”

आमच्या बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर या विषयाचे तज्ज्ञ पुष्कळ. तिथे सोनोग्राफीचे आकडे चारचौघांत सांगितले जातात. “माझी बावन्न ग्रॅम.” “माझी एकोणसत्तर.” नव्वद ग्रॅमवाले आप्पा बोलू लागले की बाकीचे गप्प बसतात. गंमत म्हणजे हे आप्पा रात्री एकदाही उठत नाहीत आणि चाळिशीतल्या ग्रॅमचा एक जण रात्रभर येरझाऱ्या घालतो. ग्रंथीचा आकार आणि त्रास यांचं प्रमाण जुळतंच असं नाही, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. कट्ट्यावर ते आधीच सिद्ध झालं होतं.

मी लक्षणं सांगायचो ती मात्र ‘माझ्या एका मित्राला’ या नावाखाली. त्या मित्रासाठी गोखरूचा काढा सुचवण्यात आला, भोपळ्याच्या बिया सुचवण्यात आल्या. न्यू जर्सीच्या पुतण्याने सॉ पामेटोच्या कॅप्सूल आणल्या; अमेरिकेतल्याच दोन मोठ्या चाचण्यांत, २००६ आणि २०११ मध्ये, त्या पिठाच्या गोळीपेक्षा सरस ठरलेल्या नाहीत, हे त्याच्या गावी नव्हतं. मित्राने सगळं घेतलं. शिवाय स्वतःच्या अकलेने पाणी पिणं कमी केलं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येईल, हे माझं शास्त्र. झालं असं की लघवी घट्ट होऊन जळजळ करू लागली, बद्धकोष्ठ जडलं आणि बद्धकोष्ठाने लघवीचा त्रास वाढला. मित्राची प्रकृती ढासळली.

अशा तयारीनिशी मी भाच्याच्या लग्नाला साताऱ्याला गेलो.

आदल्या दिवशी सर्दीने नाक वाहत होतं. मामा म्हणून फोटोत लाल नाक बरं दिसणार नाही, म्हणून औषधाच्या दुकानातून ‘सर्दीचं काहीतरी’ आणलं. रात्री एक गोळी, सकाळी एक. नाक असं कोरडं झालं की मी त्या गोळीची शिफारस आणखी दोघांना केली. सकाळी दोन कप चहा, नाश्त्याबरोबर कॉफी, कार्यालयात गारेगार एसी. मुहूर्ताला मी हातात अक्षता घेऊन उभा आणि पोटात कळ. नेमकी मुलीच्या तिन्ही आत्यांनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं आणली होती, त्यात दोन्ही घराण्यांतली सगळी नावं बसवली होती. मधल्या आत्या चुलत घराण्याकडे वळल्या तेव्हा मी ‘आलोच हं’ म्हणून सटकलो.

आणि काहीच झालं नाही. थांबून थांबून मी परत आलो, पुन्हा गेलो, परत आलो. थेंब नाही. पोट तडस लागून टणक झालं. मेहुणे म्हणाले, “गॅस धरलाय,” आणि ओव्याचा अर्क पाजला. मुलीकडचे एक काका म्हणाले, “भरपूर पाणी प्या, वरून रेटा आला की खालून सुटेल.” मी तांब्याभर पाणी प्यायलो. धरणाचे दरवाजे बंद असताना वर ढगफुटी व्हावी अशी व्यवस्था मी स्वतःच्या हाताने केली.

अर्ध्या तासाने मला धड उभं राहता येईना, बसता येईना. भाऊजींनी गाडी काढली. त्या दिवशी मला कळलं की साताऱ्यात गतिरोधक किती आहेत. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने ओटीपोटावर हात ठेवला, फक्त “किती वेळ झाला?” आणि “सर्दीची गोळी घेतली का?” एवढंच विचारलं. दुसऱ्या प्रश्नाने मी चाट पडलो. माझं नाक तर कोरडं ठणठणीत होतं! मग जेली, नळी, आणि... कोणाला मोक्षाचा अनुभव हवा असेल तर त्याचा मार्ग कॅथेटरमधून जातो, एवढंच सांगतो. सिस्टरने पिशवीवरची खूण वाचली : नऊशे मिलि. साधारण चारशे-पाचशेला माणूस दार शोधत पळतो. मी त्या माउलीला पुण्यातला फ्लॅट देऊ केला होता, असं भाऊजी सांगतात.

डॉक्टरने मग गोळीची स्ट्रिप हातात घेऊन समजावलं. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत नाक मोकळं करणारं फिनिलेफ्रिन असतं. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, पण त्याचबरोबर मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायूही आवळतं. जोडीला असलेलं क्लोरफेनिरामिन शिंका थांबवतं आणि मूत्राशयाचा जोरही कमी करतं. दार घट्ट, ढकलणारा सुस्त. प्रोस्टेट मुळातच वाढलेली असेल तर एवढं निमित्त पुरतं.

मला घरी जायची परवानगी होती, पण नळी आणि पिशवी काही दिवस बरोबर राहणार होती. पंगत सोडून जाणं शोभलं नसतं. म्हणून आम्ही ती पिशवी लग्नात वाटलेल्या, गणपती आणि ‘शुभविवाह’ छापलेल्या कापडी पिशवीत ठेवली, नळी धोतराच्या आतून घेतली आणि मी पिशवी हातात धरून मोठ्या रुबाबात कार्यालयात शिरलो. दारातच मुलीचा धाकटा भाऊ धावत आला. “मामा, तुम्ही कशाला ओझं उचलता? आहेर आहे ना? द्या इकडे!” आणि त्याने पिशवी धरली. मी सोडीना. पोरगा संस्कारी, तोही सोडीना. “अहो द्या हो, संकोच कसला!” त्याने एक हिसका दिला. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने सनईवाला थांबला.

त्यानंतर लपवण्यासारखं काही उरलं नाही. जिलबी येईपर्यंत दोन्हीकडच्या मंडळींना सविस्तर वृत्तान्त समजला होता. आता चेष्टा होणार म्हणून मी मान खाली घालून मसालेभात चिवडत होतो. पण झालं भलतंच. आधी मेहुणे आले आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “रात्री किती वेळा उठता?” मग ते पाण्याचा रेटा सुचवणारे काका, “थेंब थेंब राहतं का हो मागाहून?” मग मुलीचे वडील, ज्यांना सकाळपासून मी चार वेळा मोबाईल कानाला लावून मागच्या बाजूला जाताना पाहिलं होतं! लग्नघरातले निम्मे पुरुष ‘आलोच हं’ म्हणत होते आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच. वैद्यकाची पुस्तकंही साधारण हेच सांगतात : पन्नाशी ते साठीत निम्म्या पुरुषांची प्रोस्टेट वाढलेली असते, ऐंशीच्या पुढे दहांपैकी आठ-नऊ जणांची.

पुण्यात परतल्यावर लघवीच्या विकारांचे डॉक्टर गाठले. त्यांनी कागदावर चित्र काढलं. वर मूत्राशय, खाली नळी, आणि नळीच्या भोवती प्रोस्टेट. “मफलर गळ्याभोवती असतो ना, तशी ही ग्रंथी. वयाबरोबर आतल्या बाजूने जाड होत जाते आणि गळा आवळते. हा कॅन्सर नाही, याचा कॅन्सर होतही नाही. पण कॅन्सर वेगळा असू शकतो, म्हणून तपासायचं.” मग त्यांनी हातमोजा चढवला आणि मला कुशीवर वळायला सांगितलं. पुढच्या अर्ध्या मिनिटात मी समोरच्या कॅलेंडरवरच्या सगळ्या एकादश्या वाचून काढल्या. पीएसए ही रक्ताची तपासणी त्यांनी काही आठवडे पुढे ढकलली. लघवी अडली किंवा नळी घातली की तो आकडा उगाच फुगतो.

नळी निघाल्यावर प्रश्नपत्रिका आली. ही जगभर वापरतात. सात प्रश्न, प्रत्येकी शून्य ते पाच गुण : पूर्ण रिकामं झाल्यासारखं वाटत नाही का, दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का, मध्येच थांबतं का, रोखून धरणं अवघड जातं का, धार बारीक झाली का, कुंथावं लागतं का, रात्री किती वेळा उठता. सातपर्यंत सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, विसापासून पुढे तीव्र. मी सर्वत्र एक-दोन टाकून नऊ गुण जमवले. सौ.ने कागद काढून घेतला आणि माझ्यासमोर एकेक उत्तर खोडून दुरुस्त केलं. तेवीस झाले. शाळेत असताना कोणी माझे गुण असे वाढवले असते तर मी मॅनेजर झालो असतो. आठवा प्रश्न वेगळाच होता : उरलेलं आयुष्य असंच काढावं लागलं तर कसं वाटेल? मी अंतर्मुख झालो. सौ. म्हणाली, “माझं मत विचारलंय का यात?”

मग धारेचा वेग मोजणारं यंत्र. पोटभर पाणी पिऊन खोलीत जायचं, नरसाळ्यात लघवी करायची, यंत्र आलेख काढतं. दीडशे मिलिपेक्षा कमी झाली तर मोजमाप भरवशाचं नसतं. वर्षानुवर्षं जिथे-तिथे लागणारी लघवी त्या खोलीत शिरताच अंतर्धान पावली. बाहेरून वॉर्डबॉय विचारतायत, “काका, झालं का?” मी म्हणतोय, “आलोच हं!” त्यांनी नळ सोडला, पंखा बंद केला. शेवटी जे झालं ते नव्वद मिलि. पुन्हा पाणी, पुन्हा ताटकळणं. दुसऱ्या खेपेला जमलं : सेकंदाला कमाल आठ मिलि. पंधराच्या वर असेल तर सहसा चिंता नसते, दहाच्या खाली म्हणजे बहुधा अडथळा. आणि रिक्षात बसल्याबरोबर अशी जोरात लागली म्हणून सांगू!

डॉक्टरांनी आणखी एक गृहपाठ दिला. तीन दिवस रोज केव्हा किती प्यालो आणि केव्हा किती लघवी झाली, ते मोजून लिहायचं. मोजायला भांडं हवं म्हणून मी स्वयंपाकघरातला, खुणा असलेला प्लास्टिकचा मग उचलला. इडलीचं पीठ त्याने मोजतात हे मला ठाऊक नव्हतं. आता तो माझ्या नावावर आहे. पण वही कामाची निघाली. माझ्या दिवसभराच्या लघवीतली जवळजवळ निम्मी रात्रीच होत होती. त्यात सगळा दोष प्रोस्टेटचा नव्हता. संध्याकाळचे चहा, जेवणानंतरचं ताक, कलिंगड, वर लोणचं-पापडाचं मीठ. दिवसभर पायांत उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि मूत्रपिंडं रात्रपाळी करतात. म्हणून हुकूम निघाले : पाणी तोडायचं नाही, पण ते दिवसा प्यायचं, झोपण्याआधी दोन तास काही प्यायचं नाही, मीठ कमी, दुपारी पाय उशीवर ठेवून पडायचं, पोट साफ ठेवायचं, आणि लघवी झाल्यावर क्षणभर थांबून पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. मधुमेहही तपासून झाला, कारण पुष्कळांचं रात्रीचं उठणं साखरेमुळे असतं.

गोळ्या दोन. टॅम्सुलोसिन मूत्राशयाच्या तोंडाशी आवळलेले स्नायू सैल करते. काही दिवसांत फरक जाणवतो. ती रोज ठरावीक जेवणानंतर घ्यायची आणि अंथरुणातून झटकन उठायचं नाही, रक्तदाब उतरून घेरी येते. मी ‘हे आपल्याला लागू नाही’ या कॅशियरी बाण्याने उठलो आणि देव्हाऱ्यापुढे असा साष्टांग पडलो की सौ.ला वाटलं, वैराग्य आलं. या गोळीने वीर्य बाहेर येणं कमी होतं किंवा थांबतं, ते धोक्याचं नसतं, हेही डॉक्टरांनी सांगितलं. एरवी पुटपुटणाऱ्या त्या माणसाने नेमकं एवढंच वाक्य बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं म्हटलं.

दुसरी फिनास्टेराइड. ती ग्रंथीचा आकार हळूहळू कमी करते. सहा महिने धीर धरावा लागतो. ती पीएसएचा आकडाही साधारण निम्मा करते, म्हणून तपासणीच्या वेळी आठवणीने सांगायचं. अमेरिकेत १९९२ साली तिला प्रोस्टेटसाठी मान्यता मिळाली आणि १९९७ साली, कमी मात्रेत, टकलासाठी. हे वाचल्यापासून मी रोज सकाळी आरशासमोर डोकं तिरकं करून उभा असतो. प्रोस्टेट ऐकते आहे. टक्कल अजून विचार करतंय.

गोळ्यांनी भागलं नाही, लघवी पुन्हा अडली, मूत्रपिंडावर ताण आला, तर दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, लेझर आहे. पोट फाडून पूर्वी जी शस्त्रक्रिया होई ती गाजवणारा सर्जन पीटर फ्रेयर इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये वीसेक वर्षं आपल्याच देशात काढून लंडनला गेला होता. मोठमोठे लोक या वाटेने गेले आहेत. ब्रिटनचे पंतप्रधान हॅरल्ड मॅकमिलन यांनी १९६३च्या ऑक्टोबरात प्रोस्टेटमुळे लघवी अडल्यावर राजीनामाच दिला. दुखणं साधं निघालं, ते पुढे १९८६ पर्यंत जगले, पण खुर्ची गेली ती गेली. त्यामानाने माझी फक्त नाटकातली कडेची खुर्ची गेली. आता मधली चालते.

तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या बंधूंनो, मुताऱ्यांचा अभ्यास सोडा आणि डॉक्टरांकडे जा. सर्दीची गोळी घेण्याआधी दुकानदाराला प्रोस्टेटचं सांगा. टॅम्सुलोसिन चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा. त्या गोळीने बाहुलीभोवतीचा पडदा ऑपरेशनच्या वेळी नीट ताठ राहत नाही. लघवीत रक्त दिसलं, थंडी वाजून ताप आला, तर थांबू नका. अजिबात होईनाशी झाली तर ओव्याचा अर्क आणि तांब्याभर पाणी यांच्या वाटेला न जाता तडक दवाखाना गाठा. आणि जाताना बायकोला बरोबर न्या. रात्री किती वेळा उठता, याचा खरा आकडा तिच्याकडेच असतो.